स्वस्त इअरफोनांची कैफियत

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात पहाटे घर सोडून दिवेलागणीनंतर परतणाऱ्या नोकरदाराला संगीतासाठी म्हणून जो काही अवकाश मिळतो, तो बहुतांशी लोकलच्या डब्यातच मिळतो. आणि नेमक्या याच पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक मत इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की त्यावर हरकत घेणे हा रिकामपणचा उद्योग समजला जातो. दीड-दोन हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या इअरफोनांची आपसात काळजीपूर्वक तुलना करणे व्यर्थ आहे, असे ते मत. त्याचे कैवारी दोन प्रकारचे. पहिला प्रकार स्वतःस जाणकार मानणाऱ्यांचा. त्यांचा दावा असा की ध्वनीचा खरा आस्वाद पंचवीस हजारांच्या पुढेच सुरू होतो आणि त्याखालच्या मालात डावे-उजवे करण्याजोगे काही नसतेच. दुसरा प्रकार स्वतःस व्यवहारी मानणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की डोंबिवलीच्या जलद गाडीत दरवाजाशी एका पायावर तोल सावरणाऱ्या माणसाला कसले आले आहे संगीत, त्याने स्टेशनाबाहेर दोनशे रुपयांत मिळेल तो जोड घ्यावा आणि तुटला की दुसरा घ्यावा.

हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक भासतात, परंतु दोघांची सही एकाच हुकमाखाली आहे : बेताच्या मिळकतीच्या श्रोत्याला निवड करण्याचे कारण नाही. एक म्हणतो, तुझी ऐपत नाही म्हणून निवडू नकोस. दुसरा म्हणतो, तुझी परिस्थिती तशी नाही म्हणून निवडू नकोस. हा हुकूम मला मान्य नाही. तो खोट्या गृहीतकावर उभा आहे, त्यापायी हजारो माणसे आपल्या आवडीचे गाणे विद्रूप स्वरूपात ऐकत आहेत, आणि त्यातील पुष्कळांच्या श्रवणशक्तीलाही त्याची झळ पोहोचण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा प्रतिवाद तपशिलात जाऊनच केला पाहिजे.

आधी जाणकारांची बाजू घेऊ. किंमत वाढली की ध्वनीची गुणवत्ता त्या प्रमाणात वाढते, हा त्यांच्या साऱ्या युक्तिवादाचा पाया. आणि तो पाया मोजदादीपुढे टिकलेला नाही. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने अमेरिकेतील ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कानात घालायचे, कानावर टेकणारे आणि संपूर्ण कान झाकणारे अशा तिन्ही जातींचा त्यात समावेश होता. खर्जापासून तारापर्यंतचे निरनिराळे स्वर एखादा इअरफोन किती कमी-अधिक प्रमाणात उचलतो, म्हणजे ज्याला त्याचा वारंवारता-प्रतिसाद म्हणतात, तो आणि त्याची किरकोळ विक्रीची किंमत यांच्यात काही संबंध आढळतो का, हा प्रश्न त्याने विचारला. आणि संबंध आढळत नाही, हे उत्तर मिळाले. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांत, कोणता हेडफोन वाजतो आहे हे ऐकणाऱ्यास कळू न देता मत विचारले असता, तालीम घेतलेल्या आणि न घेतलेल्या, निरनिराळ्या देशांतील श्रोत्यांची पसंती बहुतांशी एकाच प्रकारच्या समतोल प्रतिसादाकडे झुकलेली दिसून आली. ज्याला किमतीची चिठ्ठी दिसत नाही आणि नाव ठाऊक नाही, तो कान जर पैशाच्या क्रमाने निवाडा देत नसेल, तर पंचवीस हजारांची ही सरहद्द आखली कोणी, आणि कोणत्या अधिकाराने?

महाग इअरफोन वाईटच असतात, असे मी म्हणत नाही. त्यांतले काही उत्कृष्ट असतात आणि ज्याला ते परवडतात त्याने ते खुशाल घ्यावेत. पण या निष्कर्षाची दुसरी बाजू जाणकारांना आणि व्यवहारी मंडळींना सारखीच अडचणीची आहे. किमतीवरून ध्वनीचा अंदाज बांधता येत नाही याचा अर्थ स्वस्त ते सगळे चांगले, असा होत नाही. दोन हजारांचा एक जोड अत्यंत समतोल आणि त्याच्याच शेजारी ठेवलेला, त्याच किमतीचा दुसरा जोड ऐकवत नाही इतका विकृत, असेही प्रत्यक्षात घडते. मग किंमत हा दाखला निकामी ठरल्यावर खरेदी करणाऱ्याच्या हाती उरते काय? तुलना, आणि केवळ तुलनाच. ज्याच्यापाशी पुष्कळ पैसा आहे त्याची एक निवड चुकली तर तो दुसरी करू शकतो. ज्याला वर्षातून एकदाच हा खर्च करता येतो त्याला चुकण्याची मुभा नसते. तेव्हा स्वस्त वस्तूंची तुलना व्यर्थ नाही इतकेच नव्हे, तर सर्वांत अधिक निकडीची तुलना तीच आहे.

आता ही तफावत येते कोठून, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो. मनुष्याच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. अशा नळीचा स्वतःचा एक अनुनाद असतो, आणि तो तीन हजार हर्ट्झच्या आसपास पडतो. त्या भागातील ध्वनी पडद्यापर्यंत पोहोचेतो दहा डेसिबलांहूनही अधिक उंचावलेला असतो. जन्मापासून आपण सगळे आवाज या उंचावलेल्या रूपातच ऐकत आलेलो असतो, त्यामुळे ते आपल्याला स्वाभाविक वाटते. कानात इअरफोन घातला की नळीचे उघडे तोंड बंद होते आणि हा नैसर्गिक उठाव नाहीसा होतो. तो परत भरून देण्याची जबाबदारी इअरफोन घडवणाऱ्यावर येते. ज्याने ती टाळली त्याच्या इअरफोनातून गायक पडद्याआड बसून गात आहे असे वाटते. ज्याने ती अतिरेकाने पार पाडली त्याच्या इअरफोनातून तारसप्तकातला प्रत्येक स्वर कानाला टोचतो. या एका उठावाचे प्रमाण नेमके साधणे ही ज्ञानाची आणि श्रमाची गोष्ट आहे, महाग धातूची नव्हे. ध्वनी उत्पन्न करणारा पडदा, त्याच्या मागेपुढे ठेवलेली हवा, नळीतला बारीकसा जाळीचा तुकडा आणि एखादे सूक्ष्म छिद्र, एवढ्या सामग्रीत हे सगळे साधते. म्हणूनच ते स्वस्तात साधता येते, आणि म्हणूनच स्वस्तात पुष्कळदा बिघडतेही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ड्रायव्हरांच्या संख्येचाही येथेच निकाल लावलेला बरा. एका कानात दोन, चार, आठ ध्वनिजनक असल्याचा डांगोरा पिटून जो माल विकला जातो, त्याच्या बाजूने असा तर्क मांडला जातो की संख्या जितकी जास्त तितके संगीत अधिक स्पष्ट. इलिनॉय राज्यातील एटिमोटिक रिसर्च या संस्थेने १९९१ साली बाजारात आणलेला ईआर-४ हा इअरफोन, ज्याच्या परंपरेतून आजचे सगळे कानातले मॉनिटर आले असे म्हणता येईल, तो एकाच ध्वनिजनकावर चालत होता आणि अचूकपणाचा मानदंड म्हणून तो कित्येक वर्षे वापरात राहिला. एकाने जे काम तंतोतंत होते ते आठांनी होईलच, याची हमी कोण देतो? उलट आठांना एका सुरात बांधणे अधिक कठीण, आणि कमी किमतीत तर फारच कठीण.

नावे घेतल्यावाचून हा वाद हवेत राहील, म्हणून ती घेतो. चीनमधील छंग्दू शहरातल्या मूनड्रॉप कंपनीचा चू हा इअरफोन २०२२ साली आला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती चू २ ही २०२३ साली. मूळ चूची तार कायमची जोडलेली होती. ती तुटली की सगळा जोड निकामी. चू २मध्ये तार सुटी करता येते, आणि ज्याला रोज गर्दीत तार अडकवून घ्यावी लागते त्या माणसासाठी हा फरक क्षुल्लक नाही. त्याचा आवाज स्वच्छ, मधल्या पट्टीच्या वरच्या भागाकडे किंचित झुकलेला. व्हायोलिन, सतार आणि स्त्रीचा आवाज त्यात उजळ उमटतो. सेव्हन हर्ट्झ कंपनीचा साल्नोट्स झीरो, तोही २०२२चा, वजनाने हलका आणि आवाजाने समतोल; त्याच्या २०२३च्या झीरो २ या आवृत्तीत खालच्या स्वरांना अधिक बळ दिले आहे, आणि तबल्याच्या बायाची घुमक ज्याला हवी त्याला ही दुसरी आवृत्ती अधिक रुचेल. टँगझू कंपनीचा वान-अर, ज्याला तांग राजवटीतील शांगग्वान वान-अर या कवयित्रीचे नाव दिले आहे, तो या तिघांत उबदार आणि मृदू. तासभर ऐकूनही तो कानाला थकवत नाही, मात्र झांजांचा आणि टाळांचा लखलखाट त्यात थोडा मंदावतो. केझेड कंपनीचे झेडएसएनसारखे जोड, ज्यांत एका कानात दोन जातींचे ध्वनिजनक असतात, ते खालचे आणि वरचे स्वर पुढे आणतात आणि मधला भाग मागे ढकलतात. नृत्याच्या संगीताला ते शोभेल, पण जेथे शब्द आणि स्वर दोन्ही मधल्या पट्टीत राहतात त्या आपल्या भावगीताला ते मुळीच मानवत नाही.

चार जोड, किमती जवळजवळ एकाच मापाच्या, आणि चार निरनिराळे स्वभाव. हे ऐकून पाहिल्यावरही कोणी ‘सगळे सारखेच’ म्हणेल काय? न ऐकताच म्हणणारे मात्र पुष्कळ आहेत.

खरी कसोटी आपल्या संगीताची घेतली पाहिजे, कारण बाहेरच्या परीक्षकांचे आलेख उपयुक्त असले तरी तानपुऱ्याची जवारी ज्याच्या कानात मुरलेली आहे त्याचा प्रश्न ते विचारत नाहीत. तार छेडल्यावर घोडीवरच्या दोऱ्यामुळे जे अनेक उपस्वर उमलत जातात, ते एकामागून एक उलगडताना ऐकू येतात की नुसता गुंजारव ऐकू येतो, यावरून इअरफोनाच्या मधल्या आणि वरच्या पट्टीची परीक्षा होते. ख्यालात विलंबित चालू असताना तानपुरा गायकाच्या मागे वेगळा राहतो की त्याच्या आवाजात विरघळून जातो, ही दुसरी परीक्षा. भीमसेन जोशींचा आवाज खर्जात उतरतो तेव्हा त्याला वजन राहते की तो नुसता फुगतो, ही तिसरी. आणि किशोरी आमोणकरांची तारसप्तकातली आस टोचते की तरळते, ही चौथी. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, आपल्याला पाठ असलेल्या दोन-तीन मुद्रिका आणि थोडी शांतता पुरते. कल्याण गायन समाजाच्या बैठकीत ज्याने समोर बसून तानपुरा ऐकला आहे, त्याला या परीक्षेसाठी दुसऱ्या कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

येथे एक आक्षेप असा येतो की आपल्याकडचे जे जुने संगीत आहे ते मुळातच खरखरीत ध्वनिमुद्रित झालेले आहे, मग त्यासाठी चांगला इअरफोन कशाला? या आक्षेपाचा मला विशेष संताप येतो, कारण तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. १९०२ साली गौहरजान यांनी कलकत्त्यात गायलेल्या ध्वनिमुद्रिका शिंगासमोर गाऊन तयार झाल्या. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतील मुद्रिकांना त्याचा लाभ झाला. पण तरीही या साऱ्या काळात अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर मुद्रिकेवर फारसे उतरतच नव्हते. जे उतरले ते मधल्या पट्टीत उतरले. ज्या इअरफोनाने खालची आणि वरची टोके फुगवून मधली पट्टी खचवली आहे, तो या मुद्रिकांचे सर्वस्वच काढून घेतो आणि वरची खरखर तेवढी मोठी करून हाती देतो. आधुनिक चित्रपटगीत वाईट इअरफोनातही कसेबसे निभावते. बालगंधर्वांचे पद निभावत नाही. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषविलेल्या पी. सावळाराम यांची गीते, वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायिलेली, एकाच मार्गावर ध्वनिमुद्रित झालेली आहेत. शब्दाचा प्रत्येक उच्चार त्यांत स्पष्ट आहे, आणि तो उच्चार ज्या भागात वसतो तोच भाग बाजारातले निम्मे स्वस्त जोड बिघडवून टाकतात. पी. सावळारामांच्याच गावात त्यांचे शब्द गढूळ ऐकू यावेत, आणि त्याचे खापर जुन्या ध्वनिमुद्रणावर फोडले जावे, हा कोठला न्याय?

या गढूळपणाचे एक ठरलेले कारण म्हणजे ‘एक्स्ट्रा बेस’. शंभर हर्ट्झच्या खालचा भाग थोडा उचलला तर बायाला आणि पखवाजाला भरदारपणा येतो आणि इतर काही बिघडत नाही. परंतु स्वस्त मालात तेवढ्यावर न थांबता तीनशे हर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा उचललेला असतो, आणि पुरुषगायकाचे मूळ स्वर, हार्मोनियमची खालची सप्तके आणि तानपुऱ्याचा षड्ज हे सगळे त्याच पट्ट्यात राहतात. तेथे भर घातली की ते एकमेकांवर कोसळतात. ग्राहकाला हेच हवे असते, असे विक्रेते सांगतात. ग्राहकाला दुसरे काही ऐकवले होते काय? ज्याच्यापुढे एकच प्रकार ठेवला गेला त्याची आवड तीच आहे, असे म्हणणे हा पुरावा नव्हे.

आता व्यवहारी पक्षाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो : गर्दीत संगीत कसले. कल्याणहून मुंबई सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. जलद गाडीनेही तासाहून अधिक वेळ. रुळांचा खडखडाट, पंख्यांची घरघर, डब्यातला गलबला, कळवा-मुंब्र्याच्या वळणांवरचा चाकांचा कर्कश घर्षणध्वनी. १९१६ साली खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्यातून जलद लोकल कित्येक दशके धावत होत्या तेव्हा त्या सव्वा किलोमीटरहून अधिक अंतरात शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नसे. हे सगळे खरे आहे. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? चांगला इअरफोन अनावश्यक आहे, हा निष्कर्ष निघत नाही. उलट तो येथेच सर्वांत आवश्यक आहे, हा निघतो. कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, कडक प्लॅस्टिकचा जोड बाहेरचा आवाज जराही अडवत नाही. म्हणून तो घातलेला माणूस गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत जातो. नळीत नीट बसणारा, योग्य मापाच्या रबरी टिपचा जोड बाहेरचा आवाज पंधरा-वीस डेसिबलांनी खाली आणतो, आणि तितक्या प्रमाणात गाण्याचा आवाज कमी ठेवता येतो.

याचे परिणाम आकड्यांत मांडता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढ माणसासाठी ८० डेसिबलांची पातळी आठवड्याला ४० तास सुरक्षित धरली आहे. पातळी तीन डेसिबलांनी वाढली की ही मुदत निम्मी होते, आणि ९० डेसिबलांना ती जेमतेम चार तासांवर येते. कल्याण-डोंबिवलीचा प्रवासी जाण्यायेण्यात दिवसाला अडीच तास धरला आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर पंधरा तास होतात. ८० डेसिबलांवर ऐकणारा निर्धास्त आहे. ९०वर ऐकणारा दर आठवड्याला मर्यादेच्या जवळजवळ चौपट जातो. या दोघांमधले अंतर पुष्कळदा एका नीट बसणाऱ्या टिपचे असते. दोनशे रुपयांचा जोड घे म्हणून सल्ला देणाऱ्या व्यवहारी माणसाने या हानीचा जमाखर्च कधी मांडला आहे काय? अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. दीड हजार वाचवण्याचा हा व्यवहार कोणत्या वहीत नफ्याचा ठरतो?

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे मान्य करतो, कारण तिथे वाद घालणे हा गुन्हा होईल. फलाटावर, जिन्यावर, रस्त्यावर आणि रुळांच्या आसपास कानात काही असता कामा नये. रूळ ओलांडूच नयेत, आणि कान बंद करून तर कदापि नाही. इअरफोन डब्यात, आपल्या जागी स्थिर झाल्यावर.

टिपचा प्रश्न इतका दुर्लक्षित आहे की त्याबद्दल आणखी थोडे. बंद नळीत खालचे स्वर टिकून राहतात ते हवाबंदपणामुळे. कडेला केसाएवढी फट राहिली तरी ते गळून जातात आणि इअरफोन पातळ, कर्कश वाटू लागतो. खोक्यात निरनिराळ्या मापांच्या टिपा दिलेल्या असतात, पण पुष्कळ माणसे आधीच चढवलेली मधल्या मापाचीच जोडी वर्षानुवर्षे वापरतात. डावा आणि उजवा कान एकाच मापाचा असतो असेही नाही. ‘मी तो घेऊन पाहिला, त्यात काही दम नाही’ अशी फिर्याद करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दोन्ही कानांची मापे तपासली असतील? फोमच्या टिपा स्वतंत्र मिळतात आणि गोंगाट त्याहूनही अधिक अडवतात. त्या लवकर झिजतात, पण त्यांची किंमत फार नाही.

राहिला बिनतारीचा मुद्दा. तारेचे दिवस संपले, असे निर्णायक स्वरात सांगितले जाते. ब्लूटूथवरून येणारे संगीत संक्षिप्त केलेले असते म्हणून ते त्याज्य, असा आग्रह मी धरत नाही. डब्यातल्या गोंगाटात ती उणीव बहुधा जाणवणारही नाही. माझी हरकत वेगळी आहे. दोन हजारांच्या बिनतारी जोडात बॅटरी, चिप, मायक्रोफोन आणि ठेवण्याची डबी या सगळ्यांना ते दोन हजार वाटून द्यावे लागतात, ध्वनीच्या वाट्याला उरते ते थोडे. तारेच्या जोडात जवळजवळ सगळी रक्कम ध्वनीसाठी आणि बैठकीसाठी खर्चता येते. बिनतारी जोडातल्या इवल्याशा बॅटऱ्या वापरागणिक क्षीण होत जातात आणि त्या बदलून मिळण्याची सोय सहसा नसते. सुट्या तारेचा जोड तार बदलून वर्षानुवर्षे चालतो. डोंबिवलीत गाणे शिकणारी मुले-मुली छोट्या घरात, शेजाऱ्यांची झोप सांभाळून, तानपुऱ्याच्या आणि तबल्याच्या ॲपवर रियाज करतात, स्वतःचे गाणे मुद्रित करून गुरूंना पाठवतात. त्यांच्या दृष्टीने तर बिनतारी जोडातला क्षणाचा विलंबही मात्रा चुकवणारा आहे. आणि फोनला गोल जॅक नाही, ही अडचण टाईप-सीच्या छोट्या डोंगलने सुटते. हे सगळे ठाऊक असूनही ज्याला बिनतारी सोयीचा वाटतो त्याने तो घ्यावा. पण ‘तार म्हणजे मागासलेपणा’ हा शेरा मारून दुसऱ्याची निवड रद्द करण्याचा हक्क त्याला नाही.

या साऱ्या वादाच्या मुळाशी जी वृत्ती आहे तीच मला सर्वांत अमान्य आहे. उत्तम ऐकणे हा सुस्थितांचा विषय आहे, आणि इतरांनी जे मिळेल ते ऐकावे, ही ती वृत्ती. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित झाले तेव्हा माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल यांसाठी ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ती माणसे शेजाऱ्याच्या ओसरीवर जमत. त्यांना कोणी असे म्हणाले नाही की तुमच्या ऐपतीला हे संगीत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले ते याच भूमिकेतून, की ज्याला ग्रंथ विकत घेता येत नाही त्यालाही उत्तम ग्रंथ निवडून वाचण्याचा अधिकार आहे. तेथे कोणी गरीब वाचकाला ‘तुला सगळी पुस्तके सारखीच’ असे सांगत नाही. मग कानाच्या बाबतीत तेच विधान आपण इतक्या शांतपणे का ऐकून घेतो?

दुकानांत आज इअरफोन सीलबंद खोक्यात विकला जातो आणि न ऐकता घ्यावा लागतो. साडी अंगावर टाकून पाहू देणारा हाच बाजार आवाज ऐकून पाहू देत नाही. म्हणून माझी मागणी अशी की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या गायनसंस्थांनी आणि वाचनालयांनी आपल्या एका कपाटात असे सहा-सात जोड, निरनिराळ्या मापांच्या टिपा, एक डोंगल आणि नेहमीच्या वापरातल्या दहा-बारा मुद्रिका ठेवाव्यात. प्रत्येक सभासदाला टिप बदलून, स्वच्छ करून, अर्धा तास बसून तुलना करू द्यावी, आणि त्याचे मत एका वहीत नोंदवून ती वही पुढच्या माणसासाठी खुली ठेवावी. याला येणारा खर्च एका संगीत समारंभाच्या मंडपखर्चाच्या जवळपासही जाणार नाही. जाणकारांना आपला दावा सिद्ध करायचा असेल तर त्यांनी आपला पंचवीस हजारांचा जोडही त्याच कपाटात आणून ठेवावा, नाव झाकून. आणि कळव्याहून, दिव्याहून, ठाकुर्लीहून येणाऱ्या माणसांनी तो दीड हजारांच्या जोडांबरोबर ऐकून आपला निवाडा त्या वहीत लिहावा.